आणीबाणीत कोणाला कळवायचं?

नेपाळमधल्या अन्नपूर्णेच्या वाटेवर चालण्याच्या परवान्याचा अर्ज एका पानाचा होता. नाव, पासपोर्ट क्रमांक, चढाई कोणत्या दिवशी सुरू करणार, कोणत्या दिवशी उतरणार, विमा काढला आहे का. मी भराभर लिहीत गेले. खिडकीपलीकडचा माणूस शिक्का हातात धरून वाट बघत होता, मागे सहा-सात जण सॅक पायांशी टेकवून उभे होते, पेनही कुणाचं तरी मागून घेतलेलं होतं. शेवटून दुसऱ्या ओळीत विचारलं होतं, आणीबाणीत कोणाला कळवायचं? मी त्याचं नाव लिहिलं, पुढे त्याचा फोन नंबर लिहिला, आणि हे सगळं स्वतःची सही करावी इतक्या सहज झालं. मग त्याच ओळीच्या टोकाला एक छोटा चौकोन दिसला. ‘नातं.’ तिथे पेन अडलं. ज्या माणसाला सोडून मी चौदा महिन्यांपूर्वी निघाले होते, ज्याच्याशी पाच महिन्यांत एक शब्द बोलले नव्हते, त्याचं नाव माझ्या अक्षरात त्या कागदावर होतं. मला काही झालंच, तर सगळ्यात आधी फोन त्याला जाणार होता. मागच्या माणसाने घसा खाकरला. मी चौकोनात ‘परिचित’ असं लिहिलं आणि कागद आत सरकवला.

शिक्का पडला.

त्याचा नंबर मला पाठ आहे यामागे काही मोठं कारण नाही. आम्ही एकत्र राहायला लागलो त्या पहिल्याच महिन्यात माझा फोन पाण्यात पडला आणि दुरुस्त होऊन यायला आठवडा लागला. तो आठवडाभर मी याच्या-त्याच्या फोनवरून त्याला फोन करत होते, तेव्हा आकडे तोंडात बसले ते बसलेच. त्यानंतर पाठ करण्याची वेळ कधी आली नाही. ताईचा नंबर मला पाठ नाही, आईचाही नाही. सगळे नंबर फोनच्या पोटात असतात आणि आपल्याला वाटतं ते आपल्यापाशीच आहेत. त्या खिडकीशी फोन काढून ताईचा नंबर बघायला फार तर अर्धा मिनिट लागलं असतं. तो अर्धा मिनिट मी घेतला नाही, एवढंच खरं. घाई होती हे आता लिहिताना मला पुरेसं वाटत नाही.

मला हे इतकं लागण्याचं आणखी एक कारण आहे. नऊ वर्षं माझं कामच असे अर्ज वाचायचं होतं. मी विम्याचे क्लेम तपासत असे. अपुरा भरलेला अर्ज परत पाठवायचा, खाडाखोड असली तर नवा मागवायचा, हे नियम मी नव्याने आलेल्यांना शिकवलेले आहेत. त्या अर्जांवरही एक रकाना असायचा, विमाधारकाशी नातं. बहुतेक लोक तो पटकन भरतात. पत्नी, मुलगा, भाऊ, आई. पण काही अर्जांवर त्या रकान्याच्या सुरुवातीला शाईचा एक ठिपका असायचा, जिथे पेन टेकून बराच वेळ तसंच राहिलेलं असतं. पुढे जो शब्द लिहिलेला असायचा तो नियमात बसणारा असायचा, त्याबद्दल मला कधी कुणाला प्रश्न विचारावा लागला नाही. पण त्या ठिपक्यापाशी मी थांबायचे. हा माणूस इथे काय विचार करत बसला असेल, असं वाटायचं. कोणतं नाव मनात आलं असेल आणि कोणतं लिहिलं असेल? परवान्याच्या त्या अर्जावर ‘परिचित’ या शब्दाआधी तसाच ठिपका पडला होता, आणि तो मी पाहिला होता.

निघायचं का ठरवलं, हे सांगायला बसले की माझी पंचाईत होते. ऐकणाऱ्याला एखादा क्षण हवा असतो. वरिष्ठाने केलेला अपमान, वाईट भांडण, कुणाचं तरी अकाली जाणं. माझ्याकडे तसं काही नाही. कामाचा मला कंटाळा येत होता असंही नाही, मी ते बरं करत होते. फक्त पुढच्या वर्षी याच तारखेला मी कुठे बसलेली असेन हे मला टेबलासकट माहीत होतं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. एका संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर मी नकाशा उघडून बसले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायला किती दिवस लागतील ते मोजायला लागले. कुठे जायचं नव्हतं, नुसतं मोजत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. दोन वर्षं मी असे दिवस मोजत होते आणि घरी एका शब्दाने बोलले नव्हते. आता मागे वळून पाहताना खरा दुरावा तिथे दिसतो. निघून जाणं फार नंतर घडलं.

नोकरीला मी दोन महिन्यांची नोटीस दिली. कोणत्या फाइली कुठवर आल्या आहेत, कुणाला कधी उत्तर द्यायचं आहे, कोणत्या क्लेममध्ये कोणता कागद बाकी आहे, याची बावीस पानांची नोंद करून दिली. माझ्या जागी आलेल्या मुलीजवळ आठवडाभर बसले. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं एक कार्ड दिलं.

त्याला मी एक संध्याकाळ दिली.

जेवणं झाली होती, भांडी त्याच्या हातात होती. मी म्हटलं, मी राजीनामा दिलाय. त्याने नळ बंद केला. मग मी बाकीचंही सांगितलं, की किती दिवस ते माहीत नाही, एकटीच जायचं आहे, आणि तू थांबावंस असं मी म्हणू शकत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. बऱ्याच वेळाने म्हणाला, “तीन आठवडे जाऊ या ना. मी रजा टाकतो. पुढच्या वर्षी परत तीन आठवडे जाऊ.” त्यात चुकीचं काहीच नव्हतं. उलट त्याने त्याच्या बाजूने होतं तेवढं सगळं काढून समोर ठेवलं होतं. आणि मला राग आला. इतका, की मी उठून दुसऱ्या खोलीत गेले. आजवर मला ज्याचं सगळ्यात अपराधी वाटतं तो हा राग आहे. तो ओरडला असता, वाईट काही बोलला असता, तर माझं काम सोपं झालं असतं. मी आत बसून त्याने काहीतरी चुकीचं बोलावं याची वाट बघत होते. थोड्या वेळाने तो दारात आला आणि म्हणाला, “वीजबिलाचा पासवर्ड तेवढा लिहून ठेव. ते सगळं तूच बघतेस.”

मी एका कागदावर पासवर्ड लिहिले. बावीस पानांपुढे तो एक कागद.

पुढच्या आठवड्यात मी सॅक भरायला घेतली. पंचेचाळीस लिटरची. पासष्ट लिटरची घेतली तर पासष्ट लिटर भरतं, हे जाणत्यांनी सांगितलेलं होतं. भरलेल्या सॅकचं वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ द्यायचं नाही, असा एक साधा हिशेब असतो. मी जमिनीवर सगळं मांडायचे, वजन करायचे, एकेक वस्तू बाजूला काढायचे. तो खुर्चीत बसून बघायचा. एकदा त्याने उठून कमरेचा पट्टा नीट करून दिला. पट्टा कमरेच्या हाडावर बसला की बहुतेक भार कमरेवर उतरतो आणि खांदे मोकळे होतात, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. माझ्यासाठीच वाचलं होतं, उघड आहे. त्याने बकल लावलं, खांद्याचे पट्टे थोडे सैल केले आणि म्हणाला, “बघ आता.” खरंच हलकं वाटलं. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. माझ्या पाठीवर नऊ किलो होते.

त्या दिवसांत मी एमा गेटवूडची गोष्ट पुन्हा पुन्हा वाचायचे. लांब पल्ल्याच्या वाटा चालणाऱ्यांमध्ये ही बाई ठाऊक नसलेला माणूस विरळा. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अकरा मुलांची ही आई अमेरिकेतली अॅपलाचियन ट्रेल एकटीने सलग चालून गेली. तीन हजार किलोमीटरहून मोठी वाट. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही, घरी शिवलेली एक डेनिमची पिशवी खांद्यावर, पायात साधे कापडी बूट आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. आदल्या वर्षी तिने प्रयत्न केला होता तेव्हा ती वाट चुकली, चष्मा फुटला, परत यावं लागलं. तरी पुन्हा गेली. मुलांना तिने फिरायला जाते एवढंच सांगितलं होतं. मला ते वाक्य फार आवडायचं. फिरायला जाते. पुढे तिची बाकीची हकिगत वाचनात आली. नवरा तिला अनेक वर्षं अमानुष मारहाण करत होता, १९४१ साली तिने घटस्फोट घेतला. ते वाचल्यावर मी त्या वाक्याकडे पहिल्यासारखी बघू शकले नाही. तिच्या चालण्यामागे तेवढं काही उभं होतं. मी मात्र एका भल्या माणसाला, स्वच्छ ओट्याला आणि चालत्या पगाराला सोडून निघाले होते. सोडून जाणाऱ्यांच्या गोष्टींत बहुतेक वेळा कुणीतरी वाईट असतं आणि वाचणारा सुटकेचा श्वास टाकतो. माझ्या गोष्टीत वाईट वागलेलं कुणी असेल तर ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. आणि तरीही, हे लिहायलाच हवं, मला जायचं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी खोडली जात नाही.

पहिले तीन महिने मी सुखात होते. हे सांगताना लोक जरा अवघडतात, त्यांना मी रडत रडत हिंडले असं ऐकायचं असतं. पण सकाळी सहाला उठून, बुटांच्या नाड्या बांधून, आज रात्री कुठे झोपणार हे नक्की माहीत नसताना रस्त्याला लागणं यात जो आनंद आहे तो मी दुसऱ्या कशात अनुभवलेला नाही. आठ-दहा दिवसांत अंगाला चालण्याची लय सापडते. टाचेवरच्या फोडांची कातडी निबर होते. गरजा इतक्या कमी होतात की मोज्यांचे दोन जोड पुरतात, एक पायात आणि एक सॅकला बाहेरून पिना लावून वाळत घातलेला. पैसे मी दिवसांत मोजायचे. खात्यात किती उरले याच्यापेक्षा असे किती दिवस उरले हा आकडा डोक्यात असायचा. एखादी रात्र डॉर्मऐवजी, म्हणजे अनेकांच्या सामाईक खोलीऐवजी, स्वतंत्र खोलीत काढली की मनातल्या मनात तीन दिवस वजा व्हायचे. सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या शेंगेन देशांमध्ये १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्यामुळे तिथे तर दुहेरी मोजणी चालायची, खिशातले दिवस आणि शिक्क्यावरचे दिवस.

व्हिसाचे अर्ज भरताना मला एक गोष्ट फार उशिरा उमगली. नोकरी कुठे करता, विवाहित आहात का, घर कुणाच्या नावावर आहे, हे प्रश्न शिष्टाचाराचे नसतात. हा माणूस परत जाईल का, हे त्यांना जोखायचं असतं. नोकरी, जोडीदार, घर, ही त्यांच्या लेखी परत जाण्याची कारणं. मी ती कारणं एकेक करून काढून टाकली होती, आणि आता खिडकीपलीकडचा अनोळखी माणूस तेच विचारत होता जे निघण्याआधी ताईने विचारलं होतं. तू परत कशाला येशील?

हॉस्टेलांमध्ये कुणी असं विचारत नाही. तिथे तीन प्रश्न असतात. कुठून आलीस, पुढे कुठे, किती दिवस झाले? तेवढ्यावर माणसं इतकी जवळ येतात की रात्री दोन वाजेपर्यंत एकमेकांना आयुष्य सांगतात, आणि तिसऱ्या दिवशी एकजण पहाटेच्या बसने जातो, खालच्या बंकवरची चादर घडी घालून. मी अशा किती जणांना किती मनापासून निरोप दिले असतील! त्यातले बहुतेक चेहरे आता नीट आठवत नाहीत. चौथ्या महिन्यात एका डॉर्ममध्ये मला ताप भरला. आठ जणांची खोली. एका मुलीने पाण्याची बाटली भरून उशाशी ठेवली, दुसऱ्या मुलाने गोळ्या दिल्या, सगळे चांगले वागले. पण दुपारी खोली रिकामी झाली, खिडकीवरच्या ओल्या टॉवेलमधून उन्हाचा पट्टा यायला लागला, आणि मला इतकंच वाटत होतं की मला तापात पाणी कोमट लागतं हे माहीत असलेलं कुणीतरी इथे असावं. सांगितलं असतं तर त्या मुलीने कोमट आणून दिलं असतं. सांगावं लागू नये, एवढीच इच्छा होती. असं न सांगता कळणारं माणूस तयार व्हायला सात वर्षं लागली होती.

अन्नपूर्णेच्या वाटेवर मी या सगळ्यानंतर आले. तेव्हा वाटाड्याशिवाय एकट्याने जायला मनाई नव्हती. मनांग गावात, साडेतीन हजार मीटरवर, सगळेच एक-दोन दिवस थांबतात. उंचीची सवय झाल्याशिवाय वर जायचं नसतं. तीन हजारांच्या पुढे झोपण्याची जागा दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, डोकं दुखत असताना चढायचं नाही, बरं वाटेनासं झालं तर उतरायचं. हे सगळं तिथल्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या दवाखान्यात दुपारच्या व्याख्यानात सांगतात. एका छोट्या खोलीत आम्ही वीसेक जण दाटीवाटीने बसलो होतो. डॉक्टरांच्या बोलण्यात २०१४ चा ऑक्टोबर आला. हुदहुद चक्रीवादळाचा उरलेला जोर आमच्याच वाटेवरच्या ‘थोरोंग ला’ खिंडीवर बर्फ होऊन कोसळला आणि त्या परिसरात किमान ४३ माणसं गेली. गिर्यारोहक, वाटाडे, हमाल, गावकरी. खोली एकदम शांत झाली. बाकीचे काय विचार करत होते माहीत नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्या माणसांचे अर्ज आले. प्रत्येकाने कुठेतरी कुणाचं तरी नाव लिहिलं असेल. त्या प्रत्येक नावाच्या घरी फोन वाजला असेल.

व्याख्यान संपल्यावर माझ्याशेजारी बसलेल्या बाईंनी वहीतलं पान फाडलं. साठीच्या असाव्यात, त्याही एकट्याच होत्या, आदल्या तीन दिवसांत वाटेत आमच्या चार-पाच वेळा भेटी झाल्या होत्या. एकट्या चालणाऱ्यांनी आपला बेत कुणालातरी सांगून ठेवावा असं डॉक्टर म्हणाले होते. बाईंनी स्वतःच्या मुलाचा नंबर लिहून चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि कोरं पान माझ्यापुढे धरलं. फोन खोलीवर चार्जिंगला होता.

मी पुन्हा तोच नंबर लिहिला.

बाई माझ्यापेक्षा जलद चालायच्या. त्या एक दिवस आधी पुढे गेल्या. खिंडीपलीकडे मुक्तिनाथला भेटायचं ठरलं. मी खिंडीअलीकडच्या शेवटच्या मुक्कामांपैकी एका, थोरोंग फेदीला पोहोचले त्या रात्री बर्फ सुरू झालं. साडेचार हजार मीटरवर दगडी भिंतींच्या खोलीत मी अंगावर होते नव्हते तेवढे सगळे कपडे चढवून पडले होते. बर्फ पडताना आवाज होत नाही, पण छपरावरून बर्फाची लादी घसरली की भिंत हादरायची. सकाळी दार अर्धंच उघडलं. खिंड बंद होती. दुसऱ्या दिवशीही बंद. फोनला रेंज नव्हती. आम्ही तिथे अडकलेले बारा-तेरा जण एका शेगडीभोवती पाय ताणून बसायचो, मोजे वाळवायचो, आभाळ बघायचो. मी घाबरले होते का? फार नाही. फेदीत बसून राहण्यात धोका नव्हता. आपण सुरक्षित आहोत हे आपल्याला माहीत असतं. पलीकडच्याला ते माहीत नाही, हे माझ्या मनातच आलं नाही. दोन दिवसांत एकदाही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे चारला आम्ही निघालो. डोक्यावरच्या विजेरीच्या उजेडात पुढच्याच्या टाचा तेवढ्या दिसत होत्या. दहा पावलं, थांबा. दहा पावलं, थांबा. ५४१६ मीटरवर हवेत समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त प्राणवायू असतो, आणि बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी धाप लागते. खिंडीत पताकांच्या माळा बर्फात अर्ध्या गाडल्या गेल्या होत्या. वर उभं राहून मला काही भव्य वगैरे वाटलं नाही. नाक गळत होतं, बोटं बधिर होती. मग सोळाशे मीटरहून जास्त उतार. गुडघे त्या उताराचं अजून नाव काढतात.

मुक्तिनाथला त्या बाई रस्त्यावरच उभ्या होत्या. मला लांबून ओळखून त्या जवळजवळ पळत आल्या, माझे दोन्ही गाल हातांत धरले, आणि मग म्हणाल्या, “मी फोन केला तुझ्या माणसाला. काल. तू दोन दिवस आली नाहीस, इथे कुणाला काही सांगता येईना.” मी नुसती बघत राहिले. तो काय म्हणाला, हे विचारायला तोंड उघडेना. त्यांनीच सांगितलं. त्याने आधी हवामान कसं आहे ते विचारलं. मग खालच्या बाजूला राहायची सोय आहे का ते विचारलं. आणि मग बाईंनाच धीर देत म्हणाला, “ती सावकाश चालते. येईल.”

मी त्याची कुणी लागत नाही असं तो म्हणाला नव्हता. चुकीचा नंबर आहे असंही म्हणाला नव्हता.

संध्याकाळी मी त्याला फोन केला. दुसऱ्याच रिंगला उचलला.

“पोहोचलीस?”

“हो.”

“बरं.”

मग बराच वेळ दोघंही गप्प होतो. मागे नळ चालू असल्याचा आवाज येत होता, तो बंद झाला. मी म्हटलं, तुझाच नंबर पाठ आहे रे मला, म्हणून दिला गेला. तो म्हणाला, “माहीत आहे.” आणि मग, अजिबात आवाज न चढवता, “पण आता ताईंचा पाठ कर. मला फोन आला तर मी उचलणारच आहे, तो प्रश्न नाही. पण तू गेल्यापासून अनोळखी नंबर दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. दरवेळी. बँकेचा असतो, कुरिअरचा असतो. काल पहिल्यांदा खरंच तुझ्याबद्दल होता.” मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, “सॉरीचं नाही. मला यातून बाहेर पडायचंय, एवढंच.” पुढे त्याने टाचा कशा आहेत विचारलं, मी बऱ्या आहेत म्हटलं, आणि फोन ठेवला.

मला वाटत आलं होतं की त्याला सोडलं ते त्या संध्याकाळी, भांडी त्याच्या हातात असताना. आणि त्यापुढे त्याच्याकडून मी काही घेतलेलं नाही, असंही मी समजत होते. उलट मी चौदा महिने त्याच्याकडून एक गोष्ट रोज घेत होते. कुणीतरी माझी काळजी करतंय, हे गृहीत धरून मी खिंडी चढत होते. अर्जावरची ती ओळ भरताना आपल्याला वाटतं आपण एक माहिती देतोय. खरं तर आपण एका माणसाच्या घरी रात्रंदिवस एक पहारा बसवत असतो, आणि त्याला विचारलेलंही नसतं.

मुक्तिनाथहून खाली काली गंडकीच्या खोऱ्यात उतरलं की दुपारी वारा सुटतो. रोज, ठरल्या वेळी. अकराच्या सुमारास सुरुवात होते आणि पुढे माणसाला तिरकं होऊन चालावं लागतं. नदीचं पात्र अफाट रुंद, राखाडी गोट्यांनी भरलेलं, एका बाजूला धवलगिरी, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णेची रांग. त्या वाऱ्यात मी ताईचा नंबर पाठ केला. तोंडावर बफ, म्हणजे गळ्यातली कापडी पट्टी, ओढलेला, डोळ्यांत धूळ, आणि दर पावलाला एक आकडा. शेवटचे चार आकडे सतत घसरायचे. त्यांच्या जागी त्याचे चार यायचे. थांबून फोनमध्ये बघायचं, पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवस लागले. लहान मुलांना पाढे पाठ करायला लागतो तेवढाही वेळ नाही हा, पण मला तो फार लांब वाटला.

खोऱ्यातल्या जोमसोम गावाहून ताईला फोन केला. अर्जांवर तुझं नाव देऊ का, असं विचारलं. ती क्षणभर काही बोलली नाही. “इतके दिवस कुणाचं देत होतीस?” मी सांगितलं. ताई रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “दे माझं. पण मग मला सांगत जा गं, कुठे आहेस ते. नुसतं नाव देऊ नकोस.” आता दर रविवारी मी तिला गावाचं नाव आणि पुढच्या गावाचं नाव कळवते. रेंज नसणार असेल तर किती दिवस नसेल ते आधी कळवते. चालण्याची मजा याने कमी होईल अशी मला भीती होती. कमी झाली, थोडी. होऊ दे.

पुढचा अर्ज तीन आठवड्यांनी, दुसऱ्या देशाच्या सीमेवर. उभ्याने लिहायचं उंच टेबल, दोरीला बांधलेलं पेन. व्यवसाय या ओळीत मी आधी जुनं पद लिहीत असे, या वेळी ‘सध्या नाही’ असं लिहिलं. मग ती ओळ आली. ताईचं नाव लिहिलं. नंबर लिहायला लागले, सगळा लिहिला, आणि नात्याच्या चौकोनात ‘बहीण’ हा शब्द न अडखळता लिहून झाला. सही करण्यापूर्वी जुन्या सवयीने एकदा वरपासून वाचून काढलं. नंबराचे शेवटचे चार आकडे त्याचे होते.

मी ते खोडून वर बारीक अक्षरात बरोबर आकडे लिहिले आणि कागद खिडकीत दिला. आतल्या बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं, मान हलवली, आणि एक कोरा अर्ज माझ्यापुढे सरकवला. पेन घेऊन मी पुन्हा त्या उंच टेबलाशी गेले.